मोठ्या मायक्रोवेव्हच्या पोटात काय चालतं?

आमच्या कँटीनचा मोठा मायक्रोवेव्ह आठ महिन्यांतच बसला. बसला म्हणजे पुरता बंद पडला असंही नाही. दिवा लागायचा, पंखा घुमायचा, सेकंद उतरत जायचे, शेवटी टूं-टूं वाजायचं आणि वरणभाताची वाटी आत घातली तशीच थंडगार बाहेर यायची. दुरुस्तीवाले दादा आले. पेचकस हातात घ्यायच्या आधी त्यांनी यंत्राच्या खालच्या बाजूची हवेची जाळी ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. जाळी म्हणावी असं तिच्यात काही उरलंच नव्हतं. शेजारच्या भज्यांच्या कढईतून उडालेलं तेल, त्यावर बसलेलं बेसन, त्यावर पुन्हा तेल, असा घोंगडीसारखा थर. बोटाने दाबला तर बोट चिकटलं.

"ताई, याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही तुम्ही," दादा म्हणाले.

मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारी नळी, जळाला होता. तो बदलायला बरेच पैसे गेले आणि चार दिवस नाशिकच्या एमआयडीसीतली माझी दीडशे ताटं गॅसवर गरम करावी लागली. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात 'जाळी दर आठवड्याला धुवा' असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलंही होतं. पण ती जाळी तिथे का आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलंच नाही. तेव्हापासून काउंटरवरच्या पोरांना मी नियमांची पाटी वाचून दाखवत नाही. आत काय चालतं तेवढं सांगते. ते कळलं की काय करायचं आणि काय नाही हे पोरं आपण होऊन ओळखतात. इथेही तसंच सांगते.

घरचा वेगळा, हॉटेलचा वेगळा

दिसायला दोन्ही पेट्या सारख्याच. पण घरचा ओव्हन दिवसाला दहा-पंधरा वेळा उघडतो, कँटीनचा दुपारच्या दोन तासांतच शंभर-सव्वाशे वेळा. घरच्याची ताकद साधारण 700 ते 1000 वॉट असते. हॉटेलातला 1000 पासून सुरू होतो आणि जिथे सतत गर्दी तिथे 1800 किंवा त्याहून जास्त वॉटचा लागतो. अशा मोठ्या यंत्रात बहुधा दोन मॅग्नेट्रॉन असतात. आतला भाग पूर्ण स्टेनलेस स्टीलचा, कारण रंग दिलेला पत्रा रोजच्या घासाघाशीत टिकत नाही. आणि घरच्यासारखी फिरणारी काचेची थाळी नसते, खाली सपाट सिरॅमिकची लादी असते.

पैसे वाचवायला घरगुती ओव्हन काउंटरवर ठेवणारे बरेच जण मी पाहिलेत. एक तर धंद्यात वापरलं की बहुतेक कंपन्यांची वॉरंटी संपते. दुसरं, त्याचं दार आणि दाराच्या आतली बटणं एवढ्या उघडझापीसाठी बनवलेलीच नसतात. चहाच्या टपरीवर दिवसाला पाच पॅटिस गरम करणाऱ्याचं भागेल. ताटांचा धंदा असेल तर ती बचत टिकत नाही.

गंमत अशी की मायक्रोवेव्ह जन्माला आला तो हॉटेलासाठीच. मॅग्नेट्रॉन ही नळी दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमध्ये वापरलेली. 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी तिचं खूप ताकदवान रूप तयार केलं. पुढे अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातला चॉकलेटचा तुकडा वितळला आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. 1947 मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा होता, वजन सुमारे 340 किलो, आणि तो गार ठेवायला पाण्याचा नळ जोडावा लागायचा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे उपाहारगृहं आणि जहाजांची स्वयंपाकघरं. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन लोकप्रिय व्हायला 1967 उजाडलं. म्हणजे यंत्र गार ठेवणं हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आत नेमकं काय होतं

मॅग्नेट्रॉन विजेपासून लहरी तयार करतो. रेडिओच्या, मोबाइलच्या लहरींच्याच जातीच्या, फक्त एका लोखंडी पेटीत कोंडलेल्या आणि खूप जोरदार. त्यांची दिशा सेकंदाला 245 कोटी वेळा मागे-पुढे होते. पाण्याच्या कणाला एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार असतो, त्यामुळे तो लहरीच्या दिशेप्रमाणे वळू पाहतो. लहर उलटली की हाही उलटू पाहतो. शेजारच्या कणांना घासत, ढकलत तो हे करतो आणि त्या घासाघाशीतून उष्णता निघते. ताटातलं पाणी असं तापतं आणि पाण्याबरोबर अन्न तापतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. मायक्रोवेव्ह 'आतून' गरम करतो असं लोक म्हणतात. तसं होत नाही. लहर अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरते, तेवढ्यातच तिचा जोर संपत जातो. त्याच्या आतला भाग बाहेरच्या गरमीने हळूहळू तापतो, अगदी गॅसवरच्या पातेल्यासारखाच. म्हणून भाताचा मोठा डबा कडेला वाफाळतो आणि मधोमध गार राहतो.

दुसरं म्हणजे पेटीच्या भिंतींवर आपटून लहरी एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी त्यांचा जोर दुप्पट होतो, काही ठिकाणी जवळजवळ शून्य. हे बघायचं असेल तर घरच्या ओव्हनमधली फिरती थाळी आणि तिच्याखालचं चाक काढा, एका सपाट ताटलीत उडदाचे पापड पसरा आणि अर्धा-पाऊण मिनिट चालवा. काही जागी पापड फुलून पांढरा होतो, मधेच कच्चा पिवळा पट्टा राहतो, पुन्हा फुललेला गोल. दोन फुललेल्या जागांमधलं अंतर साधारण पाच-सहा सेंटिमीटर भरतं. या लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर आहे, हे अंतर त्याच्या निम्मं. मी आमच्या पोरांना हा प्रयोग दाखवला तेव्हा ती त्या पापडाकडे बघतच राहिली. डोळ्यांना न दिसणारी वस्तू पापडावर उमटली होती.

घरच्या ओव्हनमध्ये थाळी फिरवून हा फरक भरून काढतात. हॉटेलच्या ओव्हनमध्ये छताला किंवा लादीखाली धातूचं एक पातं फिरत असतं, ते लहरी सगळीकडे उधळतं. त्यावर प्लॅस्टिकचं झाकण असतं. त्या झाकणावर रस्सा उडून सुकला की लहरी आधी त्या डागालाच तापवतात, तो काळा पडतो, कोळशासारखा होतो, आणि कोळसा झालेला डाग ठिणग्या टाकायला लागतो. लहरी ज्या वाटेने पेटीत येतात त्या तोंडावर बऱ्याच यंत्रांत अभ्रकाचा पत्रा असतो. त्याचंही तसंच. आपण म्हणतो 'ओव्हन खराब झाला'. खरं तर परवाची उडालेली उसळ तिथे जळत असते.

तिसरी गोष्ट, रिकामा ओव्हन. लहरी शोषायला आत अन्न नसेल तर त्या भिंतींवर आपटून मॅग्नेट्रॉनकडेच परत जातात आणि त्यालाच तापवतात. गर्दीत हे सहज घडतं. हात लागून बटण दाबलं जातं, हॉटेलच्या यंत्रात तर एका बटणात ठरलेला वेळ सुरू होतो. धंदा नसतो त्या वेळी आम्ही आत पाण्याचा एक ग्लास ठेवतो. चुकून चालू झालाच तर पाणी तापेल, यंत्र वाचेल.

दार हीच खरी सुरक्षा

लहरी बाहेर येतील का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. कँटीनमधल्या एका गरोदर मुलीनेही विचारला होता. उत्तर दारात आहे.

दाराच्या काचेमागे बारीक भोकांची धातूची जाळी असते. भोक एक-दोन मिलिमीटरचं, लहर 12 सेंटिमीटरची. एवढ्याशा भोकातून ती बाहेर पडू शकत नाही. प्रकाशाची लहर त्या भोकापेक्षा कितीतरी लहान, म्हणून आतलं ताट आपल्याला दिसतं. दार आणि चौकट यांच्यामध्ये जी फट राहते तिथे दाराच्या कडेने आत एक खाच काढलेली असते. तिची खोली अशी बेतलेली असते की फटीतून निसटू पाहणारी लहर तिथेच अडते. म्हणजे दार घट्ट बसणं महत्त्वाचंच, पण दाराची कड सरळ आणि स्वच्छ असणंही तितकंच महत्त्वाचं. कडेवर भाताचं शीत सुकलं, तेलाचा थर चढला, बिजागरी वाकली, की ही रचना बिघडायला सुरुवात होते.

दाराच्या कडीमागे लहान बटणं लपलेली असतात, बहुधा तीन. दार उघडलं की पहिली दोन मॅग्नेट्रॉनची वीज तोडतात. तिसरं त्यांच्यावर पहारा ठेवतं. पहिल्या दोनपैकी एखादं चिकटून बसलं आणि दार उघडल्यावरही वीज चालू राहिली, तर हे तिसरं बटण मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतं. यंत्र मेल्यासारखं होतं. हा बिघाड नाही, यंत्राने आपल्याला वाचवलेलं असतं. म्हणून फ्यूज उडाल्यावर 'जरा मोठा फ्यूज टाकून देतो' किंवा 'ते बटण जोडून टाकतो' म्हणणाऱ्याला यंत्राला हात लावू देऊ नका. गेल्या वर्षी एक जण माझ्याकडे असंच सुचवून गेला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

वीज तुटली की लहरी त्याच क्षणी थांबतात. अन्नात काही साठून राहत नाही, अन्न किरणोत्सर्गी वगैरे होत नाही. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच. जे थोडंफार निसटतं त्यालाही मर्यादा घातलेली आहे. दारापासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉटपेक्षा जास्त नसावं, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. अंतर वाढलं की हे झपाट्याने कमी होतं, हातभर लांब उभं राहिलं की शंभराव्या हिश्श्यावर येतं. म्हणून चांगल्या स्थितीतल्या ओव्हनला घाबरायचं कारण नाही. पण काचेला नाक लावून ताट बघत बसायचंही काम नाही. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे आलेली उष्णता लवकर निघून जात नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं, आणि मोडक्या दाराच्या ओव्हनजवळ तर कुणीच उभं राहू नये.

मोबाइल ओव्हनमध्ये ठेवून फोन लावून बघायचा 'गळतीचा प्रयोग' लोक करतात. त्याने काही कळत नाही. गळती मोजायचा मीटर मिळतो. दुरुस्तीवाले तो घेऊन येतात, आणि दाराचं कुठलंही काम झाल्यावर तो दाराच्या चारही कडांना फिरवून घ्यायचा.

माझ्याकडे दाराबद्दल तीन सक्त गोष्टी आहेत. दार कोपराने आपटायचं नाही. उघड्या दारावर ताट टेकवायचं नाही. आणि दार आणि चौकट यांच्यामध्ये फडकं अडकलेलं असताना बंद करायचं नाही. भरल्या हाताने धावणाऱ्या पोरांना हे अवघड जातं, मला कळतं. म्हणून ओव्हनच्या बाजूला ताट ठेवण्यापुरती एक फळी ठोकून घेतली. त्या दिवसापासून निम्मी आपटाआपट थांबली.

ताट खरंच गरम झालं का

वाफ निघाली म्हणजे गरम झालं, हे चुलीवर खरं आहे, मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर सांगितलं तसं एक कोपरा उकळत असतो आणि मधला घास कोमट असतो. कँटीनवाल्याला हे फार जपावं लागतं, कारण एकाच पातेल्यातून दीडशे माणसं जेवतात. पुन्हा गरम केलेलं अन्न मध्यभागी 75 अंशांपर्यंत जायला हवं, हे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रशिक्षणात शिकवतात. बोटाने हे कळत नाही. टोकदार सळीचा थर्मामीटर घ्या आणि तो कडेला न खुपसता बरोबर मधोमध खुपसा.

भात असेल तर आम्ही ताटलीत मध्ये खळगा करून कडेला गोल रचतो. मधलाच भाग गार राहतो ना, मग तिथे भातच ठेवायचा नाही. वर पाण्याचा हबका मारायचा, सैल झाकण ठेवायचं, अर्ध्या वेळेला बाहेर काढून ढवळायचं. आणि निघाल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं, म्हणजे कडेची गरमी आत पोचते. हे मिनिट गर्दीत जीवावर येतं. पण ते गरम करण्याचाच भाग आहे, वाया गेलेला वेळ नाही.

भाताबद्दल आणखी एक. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात एक जिवाणू वाढतो आणि त्याचं एक विष असं आहे की ते नंतर कितीही तापवलं तरी जात नाही. सकाळचा भात दुपारभर ओट्यावर राहिला असेल तर मायक्रोवेव्ह त्याला वाचवू शकत नाही. उरलेला भात लवकर, पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

गोठलेल्या पदार्थाचं गणित उलटं असतं. बर्फातले पाण्याचे कण जखडलेले असतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून बर्फ लहरी फारशा शोषत नाही. पण कुठे एक थेंब वितळला की तो थेंब भराभर तापतो, शेजारचं वितळवतो आणि तेवढा भाग शिजू लागतो, बाकीचा दगड तसाच. म्हणून डिफ्रॉस्टवर यंत्र थोडा वेळ चालतं, थोडा वेळ थांबतं. त्या थांबण्यात गरमी पसरते. पूर्ण ताकदीवर मटारची पिशवी सोडवायला गेलात तर काही मटार सुकून कडक आणि काही बर्फ.

वेळ ठरवायची साधी रीत सांगते. घरच्या 1000 वॉटच्या ओव्हनमध्ये 3 मिनिटं लागत असतील, म्हणजे 180 सेकंद, तर 1800 वॉटच्या यंत्रात 180 ला 1000 ने गुणून 1800 ने भागायचं. 100 सेकंद आले. दोन ताटं एकदम ठेवली तर वेळ दुपटीच्या जरा आतच लागतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ताकदही पडते आणि सकाळचे सेकंद पुरत नाहीत. तेव्हा बटणावर भरवसा न ठेवता थर्मामीटर काढायचा. पाव मात्र या यंत्रात काही सेकंदांच्या वर ठेवू नका. जरा जास्त झालं की बाहेर काढल्यावर तो चामड्यासारखा होतो आणि मग त्याला कुणी वाचवू शकत नाही.

फुटणाऱ्या वस्तूंची एक जातच आहे. सालीतलं किंवा बंद पिशवीतलं पाणी वाफ होऊन जायला वाट मागतं. सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा आत ठेवू नका. बलक तापलेला असतो, पांढरा भाग त्याला धरून ठेवतो, आणि बाहेर काढून पहिला घास घेताना ते तोंडावर फुटू शकतं. बटाट्याला काट्याने टोचायचं, पिशवीचा कोपरा कापायचा. पिठलं किंवा दाट रस्सा यांच्यात वाफेचा बुडबुडा खाली अडकतो आणि फस्सकन उडतो, तिथे झाकण आणि मधे ढवळणं. नुसतं पाणी हे सगळ्यात फसवं. गुळगुळीत कपात ते 100 अंशांच्या वर जाऊनही न उकळता शांत दिसू शकतं. त्यात कॉफी टाकली की एकदम उसळी मारून हातावर येतं. पाणी गरम करताना कपात एक लाकडी काडी ठेवा आणि काढल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका. लहान मुलाची दुधाची बाटली कुणी गरम करून मागितली तर आम्ही ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून देतो, ओव्हनमध्ये नाही. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा घोट पोळणारा असतो.

कशात ठेवायचं

धातू लहरी परतवतो. स्टीलच्या डब्यातलं अन्न झाकलं जातं, तापतच नाही, आणि डब्याची धार किंवा टोक भिंतीजवळ आलं की ठिणगी पडते. डबा घेऊन येणारी माणसं आमच्याकडे खूप, त्यांना दहादा सांगावं लागतं. पण माझा अनुभव असा की डबा कुणी सहसा विसरून ठेवत नाही, तो डोळ्यांना दिसतो. घात करते ती पार्सलची स्टेपलरची पिन. मग चंदेरी अस्तर लावलेला कागद, सोनेरी कडेची कपबशी, पिशवीच्या तोंडाला गुंडाळलेली तार. पार्सल आत ठेवण्याआधी उघडून बघायचं, हे आम्ही सवयीचंच केलंय.

प्लॅस्टिकमध्ये तळाला त्रिकोणात 5 आकडा आणि मायक्रोवेव्हला चालतं असं लिहिलेलं असेल तरच. थर्माकोलच्या वाट्या नाहीत. मेलामाइनच्या त्या पांढऱ्या ताटल्या स्वतःच तापून तडकतात, त्याही नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तर अजिबात नाही. शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआयने 2016 मध्येच याबद्दल सूचना काढली होती, आणि इथे तो कागद पेटायचीही भीती. एखाद्या ताटाबद्दल शंका असेल तर ते रिकामं आत ठेवा, शेजारी पाण्याचा कप ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि ताट गार, तर ताट चालेल. ताटच तापलं तर नको.

प्लॅस्टिकच्या डब्यावर लालसर कडं उमटलेलं सगळ्यांनी पाहिलंय. पाणी 100 अंशांवर उकळून थांबतं, पण वरचा तेलाचा तवंग त्याच्या पुढे जातो. तिथे प्लॅस्टिक मऊ पडतं आणि मसाल्याचा रंग धरून ठेवतं. तर्रीवाली मिसळ काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यात गरम करायची ती यासाठी.

वीज आणि हवा

1800 वॉट हा अन्नात जाणारा आकडा आहे. भिंतीतून यंत्र सुमारे 2800 ते 3000 वॉट ओढतं, म्हणजे 230 व्होल्टवर 13 अँपियरच्या आसपास. मधला फरक उष्णता होऊन यंत्राच्या आत राहतो, आणि तो बाहेर फेकण्यासाठी पंखा, पंख्यासाठी हवा, हवेसाठी ती जाळी. आठ महिन्यांत यंत्र बसून माझं जे नुकसान झालं ते एवढ्या साखळीत होतं.

म्हणून 16 अँपियरचा पॉवर प्लग, त्याला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण), आणि अर्थिंग वायरमनकडून मोजून घेतलेलं. एक्स्टेन्शन बोर्ड आणि मल्टिप्लग नकोच. प्लगची पिन काळी पडलेली दिसली किंवा हाताला गरम लागली तर त्याच दिवशी सॉकेट बदला. यंत्राच्या बाजूला आणि वर पुस्तकात सांगितली असेल तेवढी जागा मोकळी सोडा. वर ट्रे, वह्या, रुमाल रचून ठेवायची आपल्याकडे फार सवय. आणि कढई, तवा, इडलीची वाफ यांच्यापासून यंत्र लांब हलवा. आम्ही ते भज्यांपासून उचलून पोळ्यांच्या पलीकडे नेलं.

आत काही पेटलंच तर दार उघडायचं नाही. उघडलं की ताजी हवा आत जाते आणि ज्योत भडकते. दार बंद ठेवून स्टॉप दाबायचं, एमसीबी पाडायचा आणि आग आपोआप विझेपर्यंत थांबायचं. हे पोरांकडून एकदा करून घ्या, कारण अंगावर आल्यावर हात पहिला दाराकडेच जातो.

रात्रीचं काम

दुकान आवरताना एका वाडग्यात पाणी, त्यात अर्धं लिंबू आणि एक लाकडी काडी, पाणी उकळेपर्यंत चालवायचं आणि पाच मिनिटं दार न उघडता वाफ आत राहू द्यायची. सुकलेलं सगळं सुटतं. मग प्लग काढून ओल्या मऊ फडक्याने छत, भिंती, लादी आणि शेवटी दाराची कड पुसायची. कडेसाठी वेगळं फडकं ठेवा. तारेची घासणी कधीच नाही, तिचा एक केसासारखा तुकडा आत राहिला तरी ठिणग्या पडतात. कॉस्टिक, ॲसिड, पाण्याचा फवारा यांपैकी काहीच नाही. भोकांतून पाणी आतल्या विजेवर जातं.

जाळी आठवड्यातून एकदा, तळणाजवळ असेल तर रोज. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड, मऊ ब्रश, आणि पूर्ण सुकल्यावरच परत बसवायची. जाळीशिवाय यंत्र चालवायचं नाही. आणि झुरळं. बटणांच्या पॅनलमागे ऊब असते, ती त्यांना फार आवडते, आणि सर्किटवर फिरून ती शॉर्ट करतात. यंत्राखाली सांडलेली साखर त्यांना बोलावणंच.

एवढ्यापुढे मात्र हात घालू नका. झाकणाच्या आत सुमारे 4000 व्होल्टची वीज तयार होते आणि तिथला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. टीव्ही, मिक्सर उघडणारा हुशार मेव्हणा इथे जीव गमावू शकतो. या यंत्राचं काम शिकलेला माणूसच बोलवा. काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून जुना भाग भंगारात देताना फोडायचा नाही.

ताकद कमी होतेय का हे मात्र घरबसल्या मोजता येतं. एक लिटर पाणी, सुरुवातीचं तापमान मोजून, बरोबर 60 सेकंद पूर्ण ताकदीवर. काढून ढवळून पुन्हा मोजायचं. जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणलं की वॉट मिळतात. 1800 च्या यंत्रात 25 च्या आसपास अंश वाढायला हवेत, 1000 च्या यंत्रात 14. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळचा चहा व्हायच्या आत, आमचा काउंटरवरचा पोरगा हे मोजतो आणि ओव्हनशेजारच्या भिंतीवर खडूने लिहितो. जानेवारी 25, फेब्रुवारी 25, मार्च 24. एप्रिलला 21 आले. त्याने मला हाक मारण्याआधीच जाळी काढून सिंकवर नेली होती. जाळी स्वच्छच निघाली. मग आम्ही वायरमनला बोलावलं. व्होल्टेज 195 वर आलं होतं.